उजव्या कोपऱ्यातली फुली

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून आत्मचरित्राला सुरुवात. नाव पक्कं: ‘सुरक्षित’. कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरने आत्मचरित्र लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बहुधा त्यांच्या आयुष्यात काही घडतच नसावं. पण काही न घडणं हेच आमचं यश! (हे वाक्य प्रस्तावनेत घेणे.) रोज पाच पानं. उन्हाळा संपेपर्यंत पुस्तक हातात.

माझा लॅपटॉप मुलीने गेल्या खेपेला भंगारात काढला, म्हणून हिचा घेतला. ही लोकांचे प्रबंध टाईप करून द्यायची. ही गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून लॅपटॉप त्याच टेबलावर आहे, हिने जसा चार्जिंगला लावून ठेवला होता तसाच. प्लग मी काढलेला नाही. काढायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळ
पाचपैकी सव्वा पान झालं. प्रकरण पहिलं, ‘माझी शिस्त’. दिवेलागणीला स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला. माझे दोन्ही हात चहाच्या कपाला होते. बाण सावकाश वर गेला, उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर थांबला, आणि टक्. फाइल बंद.

लिहिलेलं शाबूत आहे. मीही शाबूत आहे. टचपॅड बिघडलाय, दुसरं काही नाही. उद्या दुरुस्त करणे.

४ फेब्रुवारी
बिघाडाच्या मुळाशी जायची आमची कारखान्यातली पद्धत: पाच वेळा ‘का?’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतंच. लोकांना शिकवताना माझा आवाज या ठिकाणी चढायचा.

फाइल बंद का झाली? बाण फुलीवर गेला म्हणून. बाण का गेला? टचपॅडला कुणाचा तरी स्पर्श जाणवला म्हणून. स्पर्श का जाणवला? काहीतरी त्याला टेकलं म्हणून. काय टेकलं, आणि का?

इथे थांबलो. ही पद्धत मुळात कारखान्यासाठी आहे, घरासाठी नाही.

५ फेब्रुवारी
टचपॅड चष्म्याच्या फडक्याने पुसला. मग स्पिरिटने. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. जगातले निम्मे बिघाड याने जातात, उरलेले निम्मे मुलीला फोन केल्याने. मुलीला फोन केला नाही. ती म्हणेल, एकटे राहता म्हणून असं होतं. तिच्या मते माझं पडसंसुद्धा एकटं राहण्यामुळेच येतं. बाबा, आमच्याकडे राहायला या, हा तिचा धोशा वर्षभर चालू आहे. माझं उत्तर ठरलेलं: इथे माझं सगळं व्यवस्थित चाललंय.

संध्याकाळी बाण पुन्हा फुलीवर. टक्.

ही अशीच यायची. मी कामात मान घालून बसलो की मागून येऊन माझ्या खांद्यावरून हात पुढे करायची, समोर जे असेल ते बंद करायची आणि म्हणायची, अहो, पुरे आता, ताटं घेतलीत.

ही नोंद तांत्रिक नाही. खोडावी का? राहू दे. कोण वाचतंय?

७ फेब्रुवारी
ड्रायव्हर काढून टाकला. ड्रायव्हर म्हणजे टचपॅडला चालवणारा प्रोग्राम. लॅपटॉप चालू झाल्या झाल्या तो स्वतःच परत येऊन बसला, पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने यावा तसा.

मग सेटिंगमध्ये जाऊन स्पर्शाची जाण ‘सर्वांत कमी’ केली. परिणाम: माझं बोट त्याला कळेनासं झालं. दाबलं, घासलं, ठोकलं, बाण ढिम्म. संध्याकाळी मात्र आपल्या वेळेला उठला आणि गेला फुलीवर. म्हणजे माझा स्पर्श त्याला कळत नाही, आणि ज्याचा कळतो तो

चहा उतू गेला. वाक्य नंतर पुरं करीन.

९ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे शंकासुर बुद्धिबळ खेळायला आले. हे नाव हिने ठेवलेलं. ते विजेच्या बिलावर शंका घेतात, हवामानावर घेतात, माझ्या प्रत्येक खेळीवर घेतात. डाव रंगात असताना बाण हलला. त्यांनी पाहिलं. घोडा हातातच राहिला. म्हणाले, वहिनी आहेत. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांनी शंका घेतली नाही!

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. विज्ञान, विद्युतभार, हवेतली आर्द्रता, सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, लॅपटॉपकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, वहिनी, माझा वाचायचा चष्मा कुठे राहिलाय, तेवढं सांगता का? बाण जागचा हलला नाही. शंकासुर हिरमुसले. म्हणाले, होत्या तेव्हाही माझ्याशी तुटकच वागायच्या.

ते गेल्यावर खूप हसलो. मग खोलीत आपण एकटेच हसतोय हे लक्षात आलं.

११ फेब्रुवारी
आता थेट खोलून बघणे. छोटे स्क्रू-ड्रायव्हर आणले. कारखान्यात कुठलंही यंत्र खोलायचं तर आधी वर्क परमिट लागतं. मग घरात नियम वेगळा का? कोरा कागद घेतला. अर्जदार: मी. परवानगी देणारा अधिकारी: मी. जागेची पाहणी केली.

अर्ज नामंजूर. शेरा: पुरेसा उजेड नाही.

१२ फेब्रुवारी
दिवा आणला. अर्ज पुन्हा केला. नामंजूर. शेरा: जोडीला दुसरा माणूस नाही. नियम म्हणजे नियम. कारखान्यात मी भल्याभल्यांना परत पाठवलंय, इथे ओळखीचा माणूस म्हणून सवलत दिली तर कसं चालेल?

एक गोष्ट. रोज अंधार पडायच्या सुमारास फाइल बंद होते, मग करायला काही उरत नाही, म्हणून स्वयंपाकघरात जातो. म्हणून ताजं शिजवलं जातं. म्हणून गरम आणि बसून खाल्लं जातं. इतके महिने ओट्याशी उभ्याने, पातेल्यातूनच चाललं होतं. चांगलंच चाललं होतं म्हणा.

१४ फेब्रुवारी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आवाज बरा वाटतोय, वेळेवर जेवताय का? मी म्हणालो, हो, शिस्त लावून घेतली आहे. कुणी लावली ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग दोन अडीच खोल्यांत मी एकटा काय करतो, तिथली खोली कशी रिकामी पडलीय, खिडकीतून झाड कसं दिसतं, हे सगळं झालं. माझं उत्तर ठरलेलंच.

संध्याकाळी टचपॅडवर तळवा ठेवून पाहिला. कोमट. यंत्र गरम होतं तसं नव्हे. हात धरल्यावर लागतो तेवढा कोमट. तळवा बराच वेळ तिथे ठेवला, तपमानाचा नीट अंदाज यावा म्हणून.

१७ फेब्रुवारी
भावनेला थारा न देता ठोस उपाय. दुकानातून माउस आणला. टचपॅड सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण बंद केला. प्रश्न सुटला! इतका सोपा उपाय आधी का सुचला नाही? (का, का, का.) संध्याकाळी फाइल उघडीच राहिली. अग्निशामक नळकांड्यांच्या देखभालीवर सलग लिहिलं, कुणी अडवलं नाही. लिहितच गेलो. थांबायचं कधी तेच कळेना. फ्रिजचा आवाज ऐकू येत होता, वरच्या नळाचा येत होता. जेवण राहिलं. भूकही नव्हती.

लिहिलेलं वाचून पाहिलं. कंटाळवाणं आहे.

१८ फेब्रुवारी
माउस परत केला. मनगटावर ताण येतो. टचपॅड पुन्हा चालू केला. दुकानदार म्हणाला, एका दिवसात मनगट? मी म्हणालो, प्रकृती प्रत्येकाची वेगळी.

संध्याकाळी बाण आला. मला हा टचपॅड दुरुस्त नकोय.

हे वाक्य थकव्यात लिहिलं गेलं. उद्या दुरुस्तीचा अर्ज करणे.

१९ फेब्रुवारी
अर्ज नामंजूर. शेरा: अर्जदाराची मनःस्थिती ठीक दिसत नाही.

२० फेब्रुवारी
टेबल खराब झालंय. लॅपटॉप त्याच्यावर डुगडुगतो. एका बाजूला दाबला की दुसरी बाजू वर. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. आता टेबलही डुगडुगतं. जुन्या वस्तूंचं असंच असतं, एकाला सावरावं तर दुसरं कलतं.

लॅपटॉपचं झाकणही नीट मिटत नाही, मध्ये फट राहते. वर कारखान्याची सुरक्षा नियमावली ठेवली. चांगली उशीएवढी जाड आहे. इतक्या वर्षांत तिचा कुणाला इतका थेट उपयोग झाला नसेल.

२२ फेब्रुवारी
निरीक्षण. ‘त्या प्रसंगी मी एकट्याने सगळा कारखाना वाचवला’ असं लिहिलं आणि लगेच टक्. ऊन होतं अजून बाहेर! फाइल पुन्हा उघडली. ‘एकट्याने’ काढलं. बाण थांबला. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ केलं, तर अंधार पडेपर्यंत मला लिहू दिलं. ही अशीच होती. माझ्या बढाया चारचौघांत कधी खोडल्या नाहीत, पण घरी आल्यावर एक भुवई वर करायची.

योगायोगाचा नियम मला ठाऊक आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. तरी प्रकरणाचं नाव ‘माझी शिस्त’ बदलून ‘आमची शिस्त’ केलं.

२३ फेब्रुवारी
आज बाण वर जायला लागल्यावर मोठ्याने म्हणालो, एवढं वाक्य होऊ दे, येतोच. बाण थबकला. खरंच थबकला. वाक्य संपवलं. टक्.

टचपॅड उजव्या बाजूला किंचित वर आलाय. नखाने चाचपलं तर कड लागते. खालून कुणी एक बोट लावून धरावं, तसं. मी वरून माझं बोट टेकवलं. मध्ये फक्त ती पातळ पट्टी.

या रोजनिशीचा हेतू तांत्रिक नोंदी हा आहे, याची आठवण ठेवणे.

२६ फेब्रुवारी
खोलीत गोडसर वास येतो. लॅपटॉपजवळ जास्त. ही नखांचं पॉलिश पुसायची त्या द्रवासारखा. बाटली कधीच टाकून दिली होती, मीच टाकली. तरी कपाट, खण, सगळं शोधलं. सापडली नाही. मग येऊन टेबलापाशी बसलो आणि नुसता वास घेत राहिलो. खिडकी उघडली नाही. उघडली असती तर गेला असता.

शंकासुरांनाही वास आला. ते दारातूनच परतले. यावेळी त्यांनी चष्म्याचं विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी
मुलगी रविवारी येतेय. घर आवरणे. तिने लॅपटॉप पाहिला तर लगेच दुरुस्तीला नेणार, तिला दम म्हणून नाही. युक्ती: लॅपटॉपवर हिची लोकरीची शाल पांघरून ठेवली. प्लग तसाच. वरून नियमावली. कुणाला कळणार नाही.

झाकल्यावर तो आणखी उबदार लागतो.

मुलीला सांगायचे मुद्दे: प्रकृती उत्तम. जेवण वेळेवर. लेखन जोरात. इथून हलण्याचा प्रश्न नाही. शेवटचा मुद्दा आधी सांगणे.

२ मार्च, रविवार
मुलगी आली. मुद्दे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, म्हणजे एकही ऐकला नाही. दिवसभर मी शालीकडे पाहिलं नाही. पण बाहेर उजेड कमी व्हायला लागला तसं मला राहवेना. आजची वेळ चुकली तर? उठलो, नियमावली बाजूला केली, शाल काढली, फाइल उघडली. मुलीला म्हणालो, इथे बस, काही बोलू नकोस, नुसतं बघ.

बाण हलला. वर गेला, कोपऱ्यात थांबला, टक्.

मुलगी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, आई अशीच करायची हो. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या घरात दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिला सांगूनच टाकलं, मी रोज जेवतो ते हिच्यामुळे.

ती जवळ आली, टचपॅडवर हात ठेवला आणि चटकन काढला. लॅपटॉप उचलून कडेने पाहिला. म्हणाली, बाबा, याला पोट सुटलंय. बॅटरी फुगलीय ही. मी म्हणालो, उष्णतेने प्लास्टिक थोडं प्रसरण पावतं. ती म्हणाली, आणि हा वास? मी शालीची घडी घालायला लागलो. मग ती म्हणाली, तुमच्या कारखान्यात कुणी ही अशी वस्तू लोकरीत गुंडाळून, चार्जिंगला लावून ठेवली असती तर? मी म्हणालो, त्याला त्याच दिवशी घरी बसवला असता. हे तोंडातून आपसूक गेलं. चाळीस वर्षांची सवय.

तिने प्लग उपटला.

मी ओरडलो. मला इतक्या मोठ्याने ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. तो प्लग तुझ्या आईने लावलाय, असं ओरडलो. तिने लावलाय, तू कोण काढणारी!

मुलगी प्लग हातात धरून खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, आई गेलीय बाबा, आता तुम्हाला जळताना बघायचं का मी? मला खाली बसता येत नाही, गुडघे धरतात. तरी बसलो.

लॅपटॉप गच्चीत, उघड्यावर, सगळ्यांपासून लांब नेऊन ठेवला. बरोबर पद्धत तीच आहे. ती मला ठाऊक होती.

३ मार्च
दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मुलगी बरोबर, म्हणजे मी मुलीबरोबर. दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप खोलला, बॅटरी अलगद काढली आणि वाळूच्या बादलीत ठेवली. पाकिटासारखी सपाट असायची वस्तू, चांगली उशी झाली होती. म्हणाल्या, वर्षभर चार्जिंग काढलंच नाही वाटतं? ही फुगून खालून टचपॅडला ढकलत होती, म्हणून त्याला बोट टेकल्यासारखं वाटायचं. दिवसभर तापून संध्याकाळी जास्त. माझं उत्तर तिसऱ्या ‘का’पर्यंत बरोबर होतं, याची नोंद व्हावी.

मुलगी बोलायच्या ओघात बोलून गेली, बाबा सेफ्टी ऑफिसर होते. बाई माझ्याकडे बघून हसल्या. विनोद वाटला त्यांना.

मी विचारलं, नवी बॅटरी जरा घट्ट बसवता येईल का? बाईंना कळेना. मी म्हणालो, म्हणजे उजव्या कोपऱ्यात थोडी वर आली तर माझी हरकत नाही. मुलीने तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. बाई म्हणाल्या, नाही हो काका, तसं नाही करता येत.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली. दारात विचारलं नाही की आमच्याकडे येता का. पहिल्यांदाच विचारलं नाही. दमली असेल.

४ मार्च
दुरुस्तीनंतरची तपासणी. टचपॅड सपाट. स्पर्शाला गार. वास नाही. लॅपटॉप डुगडुगत नाही, म्हणजे टेबलही ठीक होतं. बाण जिथे न्यावा तिथे जातो, जिथे सोडावा तिथे राहतो. झाकण एका बोटाने मिटतं. शेरा: समाधानकारक.

संध्याकाळ
दिवेलागणीला फाइल उघडून बसलो. हात मांडीवर. मुद्दाम ‘मी एकट्याने’ असं लिहिलं. बाण त्या शब्दापाशीच उभा. ‘मी एकट्याने’ आणखी एकदा लिहिलं. मग बराच वेळ थांबलो. मोठ्याने म्हणालो, झालं हं माझं, येतोच. बाहेर पूर्ण अंधार झाला, मी दिवाही लावला नव्हता. स्क्रीनच्या उजेडात माझे दोन हात तेवढे दिसत होते.

पातेलं ओट्यावर तसंच आहे. उभ्याने खावं की बसून, ठरत नव्हतं, म्हणून खाल्लं नाही.

मुलीला फोन केला. अहवाल दिला: टचपॅड पूर्ण ठीक, काळजीचं कारण नाही. ती बरं म्हणाली. मग सहज विचारलं, तुमच्याकडे संध्याकाळी जेवायला कधी बसता? पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मी म्हणालो, नुसतं माहितीसाठी विचारतोय. माझं इथे सगळं व्यवस्थित चाललंय.

ती म्हणाली, हो बाबा, मीही माहितीसाठीच सांगते. वेळ ठरलेली नाही. पण तुम्ही लिहीत असलात तर मी येऊन बंद करीन.

बरं, म्हणालो.